उतारवयातील कावीळ आणि घटते वजन: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

साठीनंतर कावीळ आणि घटते वजन एकत्र दिसले तर पथ्यपाण्यात वेळ न घालवता लगेच तपासण्या कराव्यात, या माझ्या म्हणण्यावर आपले तीन आक्षेप आहेत. आपल्याकडची कावीळ पाण्यातूनच येते. सोनोग्राफीत काही न दिसल्यास सीटी स्कॅन म्हणजे निव्वळ खर्च. आणि आपल्या 71 वर्षांच्या मामांची कावीळ आपोआप उतरली असताना मी कॅन्सरची भीती घालतो आहे.

पाण्यातून पसरणारी कावीळ आपल्याकडे पुष्कळ आहे, हे खरेच. 1955-56 साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने आलेल्या साथीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली आणि ती हिपॅटायटिस ई होती, हे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. मात्र या साथी मुख्यतः तरुणांना गाठतात. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि मग पिवळेपणा, असा त्यांचा क्रम असतो, व एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) बहुधा हजाराच्या घरात जाते. याउलट वजन काही महिने हळूहळू उतरत असेल, मग काहीही न दुखता डोळे पिवळे झाले असतील, लघवी गडद आणि शौच पांढुरके होत असेल, अंगाला खाज सुटली असेल आणि एसजीपीटीच्या मानाने अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडले की रक्तात वाढणारे एन्झाइम) फार वाढले असेल, तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे असे समजूनच पुढे जावे लागते. दुखत नाही म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. पित्तनलिकेत खडा अडकला तर बहुधा कळ येते, तर स्वादुपिंडाच्या डोक्याशी वाढणारी गाठ कित्येकदा गुपचूप वाढते. त्याच सुमारास मधुमेह नव्याने निघाला असेल, तर संशय आणखी बळावतो.

सोनोग्राफीने सुरुवात करावी, याबद्दल आपले एकमत आहे. पित्तनलिका फुगली आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, यकृतात गाठी आहेत का, हे ती स्वस्तात सांगते. परंतु पित्तनलिकेचे खालचे टोक आणि स्वादुपिंड आतड्यातील वायूमुळे अनेकदा झाकले जातात, त्यामुळे ‘काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. नलिका फुगलेली असून कारण सापडत नसेल, तर शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) टाळता येत नाही. शक्य असेल तेव्हा हा सीटी स्कॅन स्टेंट (अडलेली पित्तनलिका मोकळी ठेवणारी बारीक नळी) बसवण्यापूर्वी व्हावा, कारण स्टेंटनंतरच्या सुजेमुळे चित्र धूसर होते. पिवळेपणा उतरवण्याच्या घाईत हा क्रम उलटा होतो, ही माझी जुनी तक्रार आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ मोजणाऱ्या सीए 19-9 या रक्तचाचणीवर आपण भिस्त ठेवू पाहता, पण नुसत्या अडलेल्या पित्तानेही तो आकडा वाढतो आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही.

कॅन्सरच असेल असे मी कुठेही म्हटलेले नाही. यकृताच्या दाराशी असलेल्या क्षयाच्या गाठींनी पित्तनलिका दाबली जाऊ शकते. स्वादुपिंडाची एक सूज हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, परंतु स्टिरॉइडने ओसरते. म्हणूनच निदानाची घाई हवी. तिला भीती म्हणणे मला पटत नाही.

राहिला प्रश्न मामांचा. पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते, त्या मुखाशी झालेल्या गाठीत कावीळ चढते, मध्येच उतरते आणि पुन्हा चढते. नलिकेतला खडा सरकला तरी तसेच होते. त्यामुळे पिवळेपणा ओसरला एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. त्यांचे वजन पुन्हा भरले का, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खाली आले का, हे आपण लिहिलेले नाही. यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यांना याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि आधीच्या सोनोग्राफीचा अहवाल सोबत घ्यावा.