तोव्मा आर्त्सरुनी नुसता भाट होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तोव्मावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तर जरा लांबतंय. तुमचे आक्षेप दोन. आर्मेनियातल्या वास्पुराकान प्रदेशावर राज्य करणाऱ्या आर्त्सरुनी घराण्याचा इतिहास लिहिणारा तोव्मा (नववं-दहावं शतक) हा इतिहासकार नव्हेच, त्या घराण्याच्या पदरचा भाट. ‘बखर म्हणून वाचा आणि सोडून द्या’. आणि अख्तामार बेटावरच्या चर्चचं वर्णन मी त्याच्या नावावर खपवलं, ते त्याचं नाहीच.

दुसरं आधी, कारण तिथे मी सपशेल चुकले. वान सरोवरातल्या त्या बेटावर आर्त्सरुनी घराण्यातल्या गागिक राजाने मानुएल नावाच्या स्थपतीकडून ९१५ ते ९२१ या काळात चर्च उभं करून घेतलं, शेजारी राजवाडाही बांधला. त्यांचं वर्णन तोव्माच्या ग्रंथाला पुढे जोडलेल्या भागात येतं आणि तो भाग कुणा अनामिकाचा आहे. १३०३ साली नकललेल्या पोथीत सगळं एकापाठोपाठ येतं, पण ही काही सबब नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता भाटगिरी. तोव्मा त्याच घराण्यातला, ग्रंथ लिहिला तोही घराण्याच्या सांगण्यावरून: आधी ग्रिगोर देरेनिक, मग त्याचा मुलगा गागिक. वंशावळ थेट असीरियाच्या सन्हेरीब राजापर्यंत नेलेली. यावर तुम्ही हसलात, हसण्यासारखंच आहे. पण ही गोष्ट तोव्माने रचलेली नाही; मोव्सेस खोरेनात्सी या आर्मेनियन इतिहासकाराच्या ग्रंथातही ती आहे. आणि पूर्वज कोण, तर बायबलमधले बापाला मारून अराराटकडे पळालेले मुलगे! घराण्याला मात्र त्याचा संकोच नव्हता. १०२१च्या सुमारास वास्पुराकान बायझंटाइन सम्राट बेसिलच्या हवाली करणाऱ्या राजाचं नाव सेनेकेरिम, म्हणजे सन्हेरीबच.

ही वंशावळ बाजूला ठेवून नवव्या शतकाकडे या. ८५१-५२च्या सुमारास खलिफाचा अधिकारी युसुफ आर्मेनियातल्या मूश शहरात मारला गेला, सासूनच्या डोंगरी लोकांच्या हातून. मारणाऱ्याला आपण स्वतः पाहिलं, त्याच्याकडून खात्री करून घेतली, असं तोव्मा लिहितो. सूड घ्यायला बुघा हा सेनापती आला. आशोत आर्त्सरुनी पकडला गेला, खलिफाच्या तेव्हाच्या राजधानीत, सामर्र्याला नेला गेला, आणि तिथे त्याने इस्लाम स्वीकारला. हा आशोत म्हणजे गागिकचा सख्खा आजोबा. आजोबांचं धर्मांतर नातवासाठी लिहिलेल्या ग्रंथात! तोव्मा त्यांची बाजू सावरायची धडपड करतो, हे खरं. पण सावरायला आधी सांगावं लागतं. भाटाने ते पानच गाळलं असतं.

तुमच्या आक्षेपात दम आहे तो पुढच्या काळाबद्दल. ९०८ साली गागिकने अझरबैजानच्या अमिराकडून मुकुट घेतला (याचंही नाव युसुफ, माणूस वेगळा), तेव्हा आर्मेनियाचा राजा स्मबात बाग्रातुनी जिवंत होता, आणि तो गागिकचा मामा. पुढे त्याच युसुफने स्मबातला हालहाल करून मारलं. या प्रकरणासाठी मी होव्हान्नेस द्रासखानाकेर्त्सी या धर्मगुरूचा इतिहास शेजारी ठेवूनच वाचते. गागिकची आरती ओवाळणारा लेखक पोथीत आहेच, पण तो चर्चचं वर्णन करणारा अनामिक. भाट म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा, मी अडवणार नाही.