आकार जुळला म्हणून सेल जुळत नाही, मालक

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज आमच्या तीन ग्रुपवर फिरून आला. पेठेच्या, शाळासोबत्यांच्या आणि भजनी मंडळाच्याही. मजकूर असा: "घरातले सगळे सेल फेका. रिचार्जेबल लिथियम सेल एकदाच घ्या, आकार जुळला की घड्याळापासून खेळण्यापर्यंत कशातही चालतात. ताकद दुप्पट. जुने १.२ व्होल्टवाले रिचार्जेबल भंगारात घाला. पूर्ण संपल्यावरच चार्ज करा, रात्रभर लावून निवांत झोपा. वापरात नसतील तर फ्रीजमध्ये ठेवा. खराब झाले तर साध्या सेलसारखे कचऱ्यात टाका." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

सोलापुरात नव्या पेठेजवळ माझं घड्याळं-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लिथियमशी माझं वैर नाही, माझ्याच टेबलावरचा हेडलॅम्प त्यावर चालतो. पण या मेसेजमुळे दुकानात आलेला माल बघितला, आणि म्हटलं आता लिहावंच.

"आकार जुळला की झालं." सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. मागच्या आठवड्यात विडी घरकुल वसाहतीतून एक अक्का नातवाची रिमोटची गाडी घेऊन आल्या. गाडीत दोन पेन्सिल सेल लागतात. नवे घातले, गाडी एकदा बाणासारखी सुटली, भिंतीला धडकली आणि करपल्याचा वास आला. झाकण उघडलं तर आत दोन निळे सेल, बारीक अक्षरात ३.७ व्होल्ट. एकाला मीटर लावला, ४.१६. दोन्ही मिळून आठच्या वर, आणि गाडी बनवलेली तीन व्होल्टला.

"ओ मालक, सेल तर तेवढाच हाय की!"

अक्कांचं चुकलं नव्हतं. सेल खरोखर तेवढाच असतो. पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम-आयन सेल '१४५००' या नावानं मिळतो: जाडी १४ मिलिमीटर, लांबी ५०. स्प्रिंगमध्ये अगदी फिट बसतो. पण साधा सेल १.५ व्होल्टचा आणि हा पूर्ण भरल्यावर ४.२ चा. बीपीच्या मशीनमध्ये असे चार घातले तर सहाच्या जागी जवळजवळ सतरा व्होल्ट जातील.

मग दुकानात १.५ व्होल्ट लिहिलेले, बुडाला टाईप-सी चार्जिंगचं भोक असलेले लिथियम सेल मिळतात ते काय? तेही आतून ३.७ चेच. फक्त डोक्यात एक चिमुकलं सर्किट बसवलेलं असतं, ते व्होल्टेज उतरवून बाहेर १.५ देतं. घरातल्या वस्तूंना चालतील ते हे. तिसरा प्रकारही आहे, आणि तिथं लोक हमखास फसतात: पाकिटावर 'लिथियम' आणि १.५ व्होल्ट असं दोन्ही लिहिलेलं, पण सेल एकदाच वापरायचा. तो कॅमेऱ्याला उत्तम. पण चार्जरमध्ये घातला तर फुटू शकतो. म्हणून पाकिटावर 'रिचार्जेबल' हा शब्द आहे का आणि व्होल्ट किती, एवढ्या दोनच गोष्टी बघा. कंपनी कुठली ते नंतर.

चपट्या बटण सेलचंही तेच. २०३२ मापाचा रिचार्जेबल मिळतो, पण तो भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. साधा तीनचा असतो. वर साठवण सुमारे २२० एमएएचच्या (सेलची साठवण मोजायचं माप) जागी चाळीसच्या आसपास. म्हणजे जोर जास्त, दम कमी. (विषय निघालाच आहे तर: लहान मुलानं बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. उलटी करायला लावू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ सिव्हिल गाठा.)

"ताकद दुप्पट." ही आकड्यांची हातचलाखी. जुन्या १.२ व्होल्टवाल्या, म्हणजे निकेलच्या रिचार्जेबल सेलवर २५०० एमएएच छापलेलं असतं, लिथियमवर ३४०० एमडब्ल्यूएच, हे ऊर्जेचं माप. गिऱ्हाईक दोन्ही आकडे शेजारी ठेवतं आणि मोठा उचलतं. पण एमएएचला व्होल्टनं गुणलं की एमडब्ल्यूएच होतात. २५०० गुणिले १.२, झाले ३०००. म्हणजे फरक ३४०० विरुद्ध ३०००. तेरा टक्क्यांसाठी दुप्पट म्हणणं म्हणजे भाव किलोचा सांगून माल पावशेर तोलणं.

आणि ते १.२ व्होल्टवाले भंगारात कशाला? साधा अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होतो खरा, पण वापरात घसरत जातो आणि अर्धं आयुष्य १.२ च्या आसपास किंवा खालीच काढतो. उपकरण बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून बहुतेक वस्तू एक व्होल्टपर्यंत तग धरतात. निकेलवाला १.२ वर शेवटपर्यंत टिच्चून उभा राहतो. माझ्याकडे सात-आठ वर्षांचे आहेत, अजून दुकानच्या टॉर्चमध्ये चालतात.

घड्याळाबद्दल तर बोलायलाच नको. भिंतीवरचं घड्याळ इतकं कमी खातं की दहा-पंधरा रुपयांचा साधा सेल त्यात वर्ष काढतो. लिथियमच्या डोक्यातलं सर्किट मात्र घड्याळ चालो न चालो, स्वतःसाठी थोडाथोडा करंट घेत राहतं. पाहुणा एक आणि वाढपी दोन. रेडिओला वेगळाच त्रास: त्या सर्किटच्या उघडझापीनं मीडियम वेव्हवर घरघर येते. दोन गिऱ्हाइकांचे रेडिओ मी सेल बदलून 'दुरुस्त' करून दिले, पैसे घ्यायलाही लाज वाटली.

दुसरी खोड मी स्वतः भोगली. आमच्या गॅस गिझरला दोन मोठे सेल लागतात. हौसेनं टाईप-सीवाले आणून घातले. साधे सेल संपत आले की टकटक मंदावते, ठिणगी उशिरा पडते, आठवडाभर आधी कळतं. लिथियमचं तसं नाही. १.५, १.५, १.५, आणि मग एकदम शून्य. डिसेंबरातली पहाट, त्यात पाण्याचा दिवस, अंगाला साबण आणि गिझर मुका. बायको बाहेरून म्हणाली, "आजोबांचा बंब काय वाईट होता?" बीपीच्या मशीनलाही हेच लागू: सेल अर्धा आहे असं त्यात दिसतच नाही. मशीनला १.५ व्होल्टवाले लिथियम जरूर घाला, ते मोटरसाठी करंट चांगला देतात, पण भरलेला एक संच शेजारी ठेवा.

"पूर्ण संपल्यावरच चार्ज करा." हा नियम जुन्या निकेल-कॅडमियमचा. लिथियमला उलट आहे, तळ गाठू न देता मधेच चार्ज केलेलं त्याला मानवतं.

रात्रभर लावण्याचं काय? चांगल्या सेलचं सर्किट भरल्यावर चार्जिंग तोडतं, त्यामुळे रात्र हा मुख्य गुन्हेगार नाही. आपल्याकडे गुन्हेगार आहे दुपार. लिथियम-आयन चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच ४३-४४ होतं, पत्र्याच्या खोलीत किती ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. त्यात चार्ज होताना सेल स्वतः तापतो. म्हणजे दुपारी दोनला पत्र्याखाली चार्जिंगला लावला की पहिल्या मिनिटालाच मर्यादा गेली. लगेच स्फोट होतो असं नाही, पण आयुष्य झपाट्यानं घटतं, फुगण्याची शक्यता वाढते. पहाटे उठून लावा, फरशीवर ठेवा, गादीवर नको. चादर सोलापुरी असली तरी तिच्यावर नको.

फ्रीजची गोष्ट अर्धी खरी. थंडाव्यात सेल हळू म्हातारा होतो. पण बाहेर काढताच त्यावर दव धरतं आणि ते टर्मिनलला बाधतं. अर्धा भरून घरातल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.

आता शेवटचं, कचऱ्याचं. घंटागाडीत गेलेला लिथियम सेल पुढे दाबला, चिरडला गेला तर पेट घेऊ शकतो, आणि सोबत कागद-प्लॅस्टिक असतंच. केंद्राचे २०२२ चे बॅटरी कचरा नियम घरातल्या छोट्या सेलनाही लागू आहेत: बाकी कचऱ्यापासून वेगळे ठेवायचे. सेलवर फुली मारलेली कचराकुंडी असते, तिचा अर्थ तोच. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्या दुकानात बरणी ठेवलीय, तिच्यात टाकलं तरी चालेल.

लिथियमची एक गोष्ट खरंच चांगली आहे आणि नेमकी तीच मेसेजवाल्यांनी लिहिली नाही. साधे सेल विसरले की पाझरून स्प्रिंग खातात, लिथियम सहसा तसे पाझरत नाहीत.

अक्कांचे निळे सेल मी ठेवून घेतले. माझ्या एका टॉर्चच्या झाकणावर ३.७ लिहिलंय, तिला ते बरोबर लागतात. बदल्यात चार निकेलचे दिले. गाडीची मोटर वाचली होती, रिमोटचा सिग्नल पकडणारी चिप गेली होती. ती मिळेना. म्हणून बटण लावून मोटर थेट जोडली. आता ती वळत नाही, नुसती सरळ जाते. नातवाला तेवढं पुरलं.