मँचेस्टरची बोली, व्हाया सिअ‍ॅटल

लेकाकडे मँचेस्टरला सहा महिने राहायला जायचं ठरलं, तेव्हा मैत्रिणींनी थर्मल घे म्हणून सांगितलं. मी थर्मल घेतलीच, शिवाय 'फ्रेजर' या अमेरिकन विनोदी मालिकेचे अकराच्या अकरा सीझन पाहिले. सिअ‍ॅटलमधल्या एका शिष्ट मानसोपचारतज्ज्ञाकडे, त्याच्या निवृत्त पोलीस वडिलांचा व्यायाम करून घ्यायला डॅफ्नी मून नावाची मुलगी राहते. ती मँचेस्टरची! झालं, सदाशिव पेठेत कुकरच्या शिट्ट्यांवर मी तिचे उच्चार घोटले.

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत ते एका दमात काढले. काउंटरवरच्या पोरीने आधी माझ्या साडीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "लंडनहून आलात का?" वर, तुम्ही ब्रेड रोल म्हणताय त्याला इथे 'बार्म' म्हणतात, हेही सांगितलं.

मग शेजारच्या आजींनी पाच वाजता 'टी'ला बोलावलं. टीव्हीने शिकवलेला इंग्रजांचा चहा म्हणजे काकडीचं सँडविच आणि वर केलेली करंगळी. म्हणून मी घरून पिठलं-भात चापून गेले. समोर आला चीज-कांद्याचा 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), कुस्करलेल्या बटाट्यांचा डोंगर आणि मटार. इथल्या साध्या घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं, हे ज्ञान मला दुसऱ्या वाढणीला झालं. करंगळी वरच होती.

जेवणानंतर आजींना डॅफ्नी दाखवली. त्या खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. "ही मँचेस्टरची?" डॅफ्नी झालेली जेन लीव्ज लंडनजवळच्या इलफर्डची. मालिकेतले डॅफ्नीचे भाऊ तर विचारूच नका: एक झाला अँथनी लापाग्लिया, मूळचा ऑस्ट्रेलियन, दुसरा रिचर्ड ई. ग्रँट, आफ्रिकेत वाढलेला. म्हणजे एकाच वाड्यात जन्मलेल्या भावांपैकी थोरला मालवणी बोलतो, धाकटा वऱ्हाडी, आणि आईला त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकन प्रेक्षकाला पुरतं हे. त्याच्या लेखी इंग्रज दोनच प्रकारचे: बटलर ठेवणारे आणि बटलर.

'द नॅनी' या दुसऱ्या अमेरिकन मालिकेतला तो अस्सल इंग्रज बटलर? डॅनियल डेव्हिस, जन्म अमेरिकेतल्या आर्कान्साचा. आजींना हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले.

पण खरी गंमत पुढेच होती. डॅफ्नी ज्यांचे गुडघे वळवते ते ठार अमेरिकन म्हातारबा, म्हणजे जॉन महोनी, लहानाचे मोठे झाले मँचेस्टरमध्ये. अख्ख्या घरात खरा मँचेस्टरचा माणूस तोच, आणि तोच तेवढा अमेरिकन बोलतोय! आजींनी त्यांच्याकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

पुढच्या शनिवारी त्या आमच्याकडे आल्या. लेकाने जुना हिंदी सिनेमा लावला होता. त्यात नऊवारी नेसलेली बाई झाडू घेऊन, कमरेवर हात ठेवून, "अरे देवा" करत आली.

"ही कोण?"

"कामवाली. मराठी."

आजींनी चष्मा सारखा केला. "म्हणजे तुमच्यासारखी बोलते?"

मी पोह्यांची बशी पुढे सरकवली.