एबोनाइटचा पेन उकळत्या पाण्यात घालायला सांगणारा मेसेज पुढं पाठवू नका

"जुने फाउंटन पेन नव्यासारखे चमकवा" असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: उकळत्या पाण्यात मीठ आणि व्हिनेगर टाकून पेन अर्धा तास बुडवा, रंग उतरला तर पेन डुप्लिकेट. सेल्युलॉइड (जुन्या पेनांचं एक प्लास्टिक) ओळखायला तापलेली सुई टोचा. टूथपेस्टनं घासा. सगळे पेन हवाबंद काचेच्या पेटीत डांबर गोळ्या टाकून भरपूर उजेडात मांडा. शाई भरूनच ठेवा. आणि निबवर 14 के (14 कॅरट) दिसलं तर सोनाराकडे जा, लाखाचा माल आहे.

माझ्या मामांनी हे वाचलं आणि त्यांचा राजमुंद्रीकडचा, हातानं घडवलेला काळा एबोनाइटचा पेन पातेल्यात घातला. बाहेर आला तो शेवाळी तपकिरी, वरची सगळी झळाळी गेलेली, आणि वर मामांचा मलाच प्रश्न, "इतकी वर्षं आपण डुप्लिकेट पेन वापरत होतो का गं?" म्हणून हे लिहितेय, कारण पेन तर गेलाच पण चांगल्या पेनावर नकलीचा शिक्का बसला, ते मला जास्त लागलंय.

तर आधी हेच. रंग बदलला म्हणजे पेन डुप्लिकेट, हे साफ उलटं आहे. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, त्यात साधारण 30 टक्के किंवा त्याहून जास्त गंधक असतं आणि त्या गंधकामुळंच रबर इतकं कडक होतं की लेथवर कातता येतं. उजेड, हवा आणि ओल हे तिन्ही मिळाले की पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होऊन तिथं आम्ल तयार होतं आणि काळा रंग तपकिरी, हिरवट पडत जातो. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेला पेन वरून काळा दिसतो पण त्याची कातडी आतून कमजोर झालेली असते, गरम पाणी लागलं की ती थोड्याच वेळात उघडी पडते. म्हणजे असा रंग उतरणं ही एबोनाइटचीच खूण झाली, साध्या काळ्या प्लास्टिकच्या पेनाला असं होत नाही! अंगठ्यानं जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा जळका वास येतो, एबोनाइट ओळखायला तेवढं पुरतं, पातेलं लागत नाही.

हे मी मनचं सांगत नाहीये. म्युझियममधल्या वस्तू जपण्यासाठी कॅनडात सरकारी संस्था आहे, कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट, तिची रबर आणि प्लास्टिकच्या वस्तूंवर टिपणं आहेत आणि ती कुणालाही वाचता येतात. कडक रबराला उजेड आणि ओल सोसत नाही, आणि सेल्युलॉइड खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वायू निघून शेजारची धातूची वस्तू गंजते, हे दोन्ही त्यात आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तेवढं एक वाचलं असतं तरी निम्मा मेसेज खोडला असता.

पाण्याबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पेन पाण्यानं धुवावा हे बरोबर आहे. पण साध्या गार पाण्यानं, आणि फक्त निब, फीड (निबखालचा शाई पुरवणारा भाग) आणि तो पुढचा धरायचा भाग आतून, तोही धुऊन लगेच पुसायचा. आपल्याकडं पाणी जड आहे, डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी आरओचं घ्या. मीठ स्टीलच्या निबला खातं आणि व्हिनेगर मुलाम्याला, त्यामुळं ते दोन्ही भाजीतच राहू द्या. आणि केसीन नावाचं दुधापासून केलेलं प्लास्टिक असतं, जुन्या इंग्लिश पेनांत सापडतं, ते पाण्यात ठेवलं तर चक्क फुगतं.

तापलेली सुई! सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, तो भडकन पेट घेणारा माल आहे. त्याला तापलेली सुई लावायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगणारा माणूस कोण असेल? पेनाचं भोक सोडा, हात भाजेल. टोपी उघडून वास घ्या, बऱ्याचदा कापराचा वास येतो, संपलं.

आता मांडणी, आणि इथंच जमवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. कलेक्शनची मजाच मुळात वेगवेगळ्या फिनिशमध्ये आहे. काळ्या एबोनाइटवर मशीननं कोरलेली बारीक लहरींची नक्षी, लाल-काळं लहरदार एबोनाइट (रिपल), जेड हिरवं सेल्युलॉइड, नक्षीच्या चांदीचा पेन, रोल्ड गोल्डची टोपी, जपानी लॅकर. हे सगळं शेजारी शेजारी मांडलेलं किती देखणं दिसतं हे मला कुणी सांगायला नको. पण हवाबंद पेटीत एबोनाइटचं गंधक चांदीला काळं करतं, सेल्युलॉइडचे वायू क्लिपा आणि कड्या गंजवतात, आणि जुन्या पेनातली शाईची रबरी पिशवी आतूनच हिरव्या सेल्युलॉइडला तपकिरी करते, ते तर हवाबंद न ठेवताही होतं. म्हणून चांदी वेगळी, एबोनाइट वेगळं, सेल्युलॉइड वेगळं आणि हवेशीर. डांबर गोळ्या तर बिलकुल नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात. आणि "भरपूर उजेड" म्हणजे काय ओ, सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, पश्चिमेच्या खिडकीशी काचेचं शोकेस ठेवलं तर आत भट्टीच होणार. आतल्या भिंतीला लावा, समोर पडदा ठेवा, पाहुणे आले की लाइट लावा.

टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती नक्षी बोथट करते आणि मुलामा काढते. रोल्ड गोल्डच्या टोपीवर कधी कधी 1/10 असं लिहिलेलं असतं, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच सोन्याच्या मिश्रधातूचा पत्रा वर चढवलाय, तो एकदा घासून गेला की आतलं पितळ दिसतं आणि परत येत नाही. मऊ सुती कापड बास.

शाई भरून ठेवणं: रोज लिहिता तो पेन भरलेला असू द्या, शोकेसमधला रिकामा आणि कोरडा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई कुठल्याच फाउंटन पेनात घालू नका, तिच्यात बहुतेकदा लाख (शेलॅक) असते, फीड कायमचं चोंदतं.

राहिलं सोनं. 14 के म्हणजे 58.5 टक्के सोनं, आणि साधारण निबचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. हिशोब तुम्हीच करा, लाख कुठून येणार? वर 14 के पुढं जीपी असेल तर फक्त मुलामा. निब काढून सोनाराला दिली की ती वितळते, टोकावरचा कठीण मण्याचा भाग फुकट जातो आणि निब नसलेल्या पेनाला कुणी विचारत नाही. विकायचाच असेल तर अख्खा विका, त्या जुन्या पेनाला जमवणारा माणूस निबमधल्या सोन्यापेक्षा जास्त देईल.

ज्यांनी आधीच बुडवलाय त्यांनी पेन पुसून सावलीत नीट वाळवा, आणि रंग परत आणायला बुटाचं पॉलिश, मार्कर, सॅंडपेपर यातलं काहीही लावू नका. तपकिरी झालेल्या पेनानंही लिहिता येतं. वरचा थर अगदी थोडा काढून पुन्हा पॉलिश करता येतं, पण नक्षी नसलेल्या पेनावरच, आणि ते लेथवर पेन कातणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या.