गुडघ्यांसकट यॉर्क

यॉर्कचा नकाशा पाहिला की कोणालाही वाटतं, हे तर एका दिवसाचं काम. स्टेशनपासून मिन्स्टर हे मोठं चर्च पंधरा मिनिटांवर, तिथून शॅम्बल्सची गल्ली पाच मिनिटांवर, पुढे क्लिफर्ड्स टॉवर आणखी दहा. लीड्सहून गाडीने अर्धा तास, लंडनहून दोन तास. म्हणूनच उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा, सासूसासरे आणि 'आलोच आहोत तर तेही बघून टाकू' म्हणणाऱ्या मावशी यांना घेऊन इंग्लंडातली मराठी मंडळी इकडे लोटतात. नकाशात खोटं काहीच नाही. फक्त नकाशा आडवा असतो आणि यॉर्क उभं आहे.

त्यामुळे यॉर्क मैलांत मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. मिन्स्टरचा मनोरा 275 पायऱ्या, क्लिफर्ड्स टॉवरच्या नुसत्या दारापर्यंत 55, तटबंदीवर चढायला-उतरायला जिना वेगळा. हे सगळं त्याच दिवशी त्याच पायांनी करायचं असतं. संध्याकाळी परतीच्या गाडीत मावशी पाय समोरच्या सीटखाली सारून जे म्हणतात ते छापण्यासारखं नसतं.

पायांच्या आधी डोकं दुखतं, कारण इथे नावं खोटं बोलतात. यॉर्कमधल्या 'गेट' या शब्दाचा दाराशी काडीचा संबंध नाही. 866 साली स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी लढवय्ये, म्हणजे व्हायकिंग, आले, त्यांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता, ते गेले आणि शब्द ठेवून गेले. म्हणजे स्टोनगेट, गुडरमगेट, मिकलगेट हे सगळे रस्ते. मग दाराला काय म्हणायचं? दाराला म्हणतात 'बार'. आणि बारला? पब. 'मिकलगेट बारपाशी थांबतो' असा मेसेज बाबांना आला की ते दारू मिळेल असं ठिकाण शोधत फिरतात (आणि मिकलगेटवर ती ढीगभर सापडतात). डोक्यावरच्या त्या दगडी वेशीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. 1460 मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं याच वेशीवर टांगलं होतं, तेव्हा वर बघण्याची रीत जुनीच आहे. कॉपरगेटमध्येही तांबं शोधू नका. तो लाकडी वाट्या-पेले कातणाऱ्यांचा रस्ता. सगळ्यात आखूड गल्लीला सगळ्यात लांब नाव आहे, व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. गल्ली संपते तरी नाव वाचून होत नाही. तिथल्या पाटीवर जुन्या नावाचा अर्थ दिलाय, तो साधारण 'हा काय रस्ता म्हणायचा!' असा. 1505 मध्येही लोकांचं हेच मत होतं.

पहिला टप्पा तटबंदी. एकूण लांबी सुमारे 3.4 किलोमीटर, फुकट, आणि फुकट म्हटल्यावर 'पूर्ण फेरी मारूया' हा ठराव आवाजी मतदानाने मंजूर होतो. हा ठराव हाणून पाडावा. एक तर ही तटबंदी पूर्ण नाहीच. उत्तर-पूर्वेला लेयरथॉर्पपासून रेड टॉवरपर्यंत भिंत गायब होते, कारण इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने फॉस नदीला बांध घालून तिथे मोठं तळं केलं होतं. चिखलात शत्रू येत नाही, मग भिंत कशाला? तळं गेलं, रस्ता आला, दुकानं आली. ज्यांना हे ठाऊक नसतं ते लोक भिंत शोधत सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभे असतात. दुसरं म्हणजे, वरची वाट अरुंद आहे. समोरून एक जोडपं आलं तरी कोणाला तरी पोट आत घ्यावं लागतं. शहराच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, फरशा झिजून गुळगुळीत झाल्यात आणि पावसात त्यांच्यावर घसरायला कौशल्य लागत नाही. बाबागाडी, व्हीलचेअर यांचं काम नाही. अंधार पडायच्या सुमारास दरवाजे बंद होतात. वर स्वच्छतागृह नाही, हे चढायच्या आधी सांगावं, अर्ध्या वाटेत नाही.

चालायचंच असेल तर बूथम बार ते मंक बार एवढाच तुकडा चाला. वीसेक मिनिटांचा आहे, झाडांच्या वरून मिन्स्टरची पाठ दिसते, फोटो येतात, सगळं पदरात पडतं. फक्त मंक बारचा जिना उतरताना घाई नको. अरुंद, उंच पायऱ्या, दगड मध्यभागी झिजून खोलगट झालेला. पाऊल कडेला, भिंतीलगत टाकायचं, आधाराला हात आणि मोबाईल खिशात. उतरताना 'इकडे बघ' म्हणणारा फोटोग्राफर घरातला असला तरी त्याला गप्प करावं. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा बोलतो. दम परत येतो.

गुडघ्याचं ऐकायचं असेल तर मंक बारपासून गुडरमगेटवर थोडं पुढे या आणि डाव्या-उजव्या दुकानांच्या मधलं एक छोटं फाटक शोधा. आत होली ट्रिनिटी चर्च आहे. पर्यटकांची लाट बाहेरून वाहत जाते, आत चिटपाखरू नसतं. बसायला खोक्यासारखे लाकडी कप्पे आहेत, प्रत्येकाला स्वतःचं दार. दार लावून बसलं की आपण कोणाला दिसत नाही. जमीन इतकी वरखाली आहे की आतले कप्पेही तिरके झालेत. यॉर्कमध्ये मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. कारण विचाराल तर तिथे बसता येतं.

मिन्स्टर आजच्या रूपात उभं राहायला साधारण अडीचशे वर्षं लागली, 1220 च्या सुमारास सुरुवात आणि 1472 मध्ये प्रतिष्ठापना. तिकीट आहे, आणि मनोऱ्याचं वेळ ठरवून वेगळं काढावं लागतं. खरी परीक्षा या मनोऱ्याची. आधी एक गोल जिना, मग छपरावरून उघड्यावर चालत थोडं अंतर, की दुसरा गोल जिना, पहिल्यापेक्षा अरुंद. गट ठरवून सोडतात, कारण समोरून कोणी आलं तर दोघांपैकी एकाला विरघळावं लागेल. मध्ये टेकायला ओटा नाही, मागचा माणूस आपल्या टाचांकडे बघत उभा, त्यामुळे 'मी इथूनच परत जाते' हे वाक्य 140 व्या पायरीवर कामाचं नाही, ते तिकीट खिडकीपाशीच म्हणायचं. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. नातवाला मनाई आणि आजोबांना परवानगी, हा नियम कोणी केला त्याला आजोबा भेटले नसावेत.

मनोरा चुकवलात तर मला काही वाईट वाटणार नाही. खालीच बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मान वर करून बघायचं आहे. पूर्वेची खिडकी जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी. 1405 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनशी करार झाला, तीन वर्षांत काम पुरं करायचं, सगळे मिळून 56 पौंड. त्याने ते 1408 पर्यंत केलं. आपल्या काळात त्याच खिडकीच्या 311 काचचित्रांची दुरुस्ती करायला दहा वर्षं लागली, 2018 मध्ये संपली. दक्षिणेकडची गुलाबखिडकी 9 जुलै 1984 च्या आगीत तापून तिच्या काचांना सुमारे 40 हजार तडे गेले, पण ती पडली नाही, कारण काही वर्षांपूर्वीच तिच्यात काचा धरून ठेवणारं नवं शिसं बसवलं होतं. घरातल्या 'उगाच खर्च केलात' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवावं. मग चॅप्टर हाऊसमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहात, जा. अष्टकोनी दालन, एवढं मोठं छत आणि मधे एकही खांब नाही. भिंतीलगत गोलाकार दगडी आसनं आहेत. दालनाची वाखाणणी बसूनच करावी.

मिन्स्टरच्या दक्षिण दाराबाहेर कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे. 306 साली त्याला रोमचा सम्राट म्हणून इथेच जाहीर केलं. शिल्पकाराने त्याला पाय पसरून खुर्चीत रेललेला दाखवलाय. यॉर्क पाहिलेला माणूस असाच बसतो.

शॅम्बल्सबद्दल थोडक्यात. ही खाटकांची गल्ली. वरचे मजले इतके पुढे झुकलेत की काही ठिकाणी समोरच्या घराला हात लागेल. दुकानांपुढच्या रुंद फळ्या आणि लोखंडी आकडे मांस टांगायचे. आता तिथे जादूच्या कांड्या मिळतात. हॅरी पॉटर या जादूगार पोराच्या सिनेमाचं शूटिंग या गल्लीत झालेलं नाही, पण रांगेतल्या कोणाला हे सांगू नका, ऐकत नाहीत. गर्दीच्या आधी, सकाळी नऊच्या आत, या. तेव्हा गल्ली दिसते. अकरानंतर डोकी दिसतात.

व्हायकिंगांसाठी यॉर्विक सेंटर. कॉपरगेटला 1976 ते 1981 खणलं, आणि तिथेच 1984 मध्ये हे उघडलं. छोट्या गाडीत बसवून दहाव्या शतकातल्या वस्तीतून फिरवतात, त्या काळचा वासही सोडतात. गाडीत बसवतात, हे अधोरेखित करावं. बाहेर पडल्यावर काचेआड एक ऐवज दिसतो. 1972 मध्ये एका बँकेच्या जागेखाली सापडलेली, सुमारे 20 सेंटिमीटर लांबीची, नवव्या शतकातल्या एका व्हायकिंगची विष्ठा. गृहस्थ मांस आणि पाव खायचे आणि पोटात जंत होते, एवढं सगळं तिच्यावरून कळलं. भाजी खात नव्हते, हे मावशी न सांगता ओळखतात. 2003 मध्ये ती पडून तिचे तीन तुकडे झाले आणि ते निगुतीने पुन्हा जोडण्यात आले. हजार वर्षांनी आपलं काय उरेल यावर विचार करायचा असेल तर जागा योग्य आहे.

क्लिफर्ड्स टॉवर टेकडीवर आहे. टेकडी विल्यमच्या किल्ल्याची, 1068-69 ची. पायथ्याशी एक पाटी आहे. 16 मार्च 1190 ला इथल्या मनोऱ्यात आसऱ्याला आलेल्या सुमारे 150 ज्यूंना जमावाने वेढलं. बहुतेकांनी स्वतःच जीव दिला, बाहेर आलेल्यांना मारलं, लाकडी मनोरा जळाला. आजचा दगडी मनोरा त्यानंतरच्या शतकातला. वर चढा किंवा चढू नका, पाटी मात्र वाचा.

चढलात तर 55 पायऱ्यांनंतर दार, आणि आत छपरापर्यंत पुन्हा जिना. 2022 मध्ये लाकडी छत आणि लोखंडी पायवाटा बसवल्या, त्यामुळे तिसऱ्या हेन्रीचं खासगी शौचालय 1684 च्या आगीनंतर पहिल्यांदाच बघता येऊ लागलं. म्हणजे राजाचं आसन इथे आणि व्हायकिंगाचा ऐवज तिकडे. या शहराने या विषयात काही मागे ठेवलेलं नाही.

जेवण. यॉर्कशायर पुडिंग हे पुडिंग नव्हे. मैदा, अंडी, दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवतात, वर ग्रेव्ही. परंपरेने चरबी गाईची, म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारावं. 'पुडिंग म्हणजे गोडच असणार' म्हणून सासूबाईंसाठी मागवलेली बशी कोणी संपवायची हा प्रश्न टाळता येतो. सेंट हेलेन्स स्क्वेअरमधल्या बेटीजमध्ये चहा घ्यायचा तर रांग बाहेर फुटपाथवर असते, उभ्याने. तिथला फॅट रास्कल, म्हणजे बदाम-चेरीचं तोंड काढलेला जाडसर स्कोन, दुकानाच्या बाजूने विकत मिळतो. पिशवीत टाका आणि म्युझियम गार्डन्सच्या हिरवळीवर बसून खा. तिथे मल्टअँग्युलर टॉवर आहे. त्याच्या भिंतीत आडवा तांबड्या विटांचा पट्टा दिसेल. तिथले छोटे, एकसारखे दगड रोमन. वरचे मोठे, बाणांच्या फटी असलेले मध्ययुगीन. हजार वर्षांचा फरक बसल्या जागेवरून दिसतो, हे बाबांना फार आवडतं.

शेवट रेल्वे म्युझियमने करावा. फुकट, सपाट, स्टेशनच्या मागे. 3 जुलै 1938 ला ताशी 203 किलोमीटरने धावलेलं मॅलार्ड इंजिन इथे उभं आहे, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात तर चढून बसता येतं. पण म्युझियम पाचला बंद होतं, आणि मिन्स्टरमध्ये संध्याकाळची गायनप्रार्थना, जिला तिकीट लागत नाही, ती साधारण त्याच सुमाराची. दोन्ही जमत नाही. धावत जायचा विचार गुडघे फेटाळतात.

गाडी उशिराची असेल तर अंधारात भुतांची सहल असते. ती मिन्स्टरमागच्या ट्रेझरर्स हाऊसपाशी थांबतेच. 1953 मध्ये इथल्या तळघरात एक तरुण प्लंबर शिडीवर काम करत होता. तुतारीचा आवाज आला आणि भिंतीतून रोमन सैनिक बाहेर पडले, दमलेले, मळलेले, रांगेने. ते फक्त गुडघ्यापासून वर दिसत होते. जिथे खणून जुना रोमन रस्ता उघडा केला होता तिथे आले तेव्हा कुठे त्यांचे पाय दिसले. इथे गाइड आवाज खाली आणतो, सगळे श्वास रोखतात, आणि मागून मावशींचा आवाज येतो,

"म्हणजे त्यांचेही गेले होते का?"