लपलेल्या जहाजात माणूस जागा हवा

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या ऑनलाइन खेळात २०२१ साली मोबाइल ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे लपलेली जहाजे उघडी पाडू शकणारी रचना, आली, तेव्हापासून क्लोकचा, म्हणजे जहाज अदृश्य करणाऱ्या यंत्राचा, वाद आमच्या कॉर्पमध्ये (खेळाडूंच्या संघात) मिटलेला नाही. हा बदल दबा धरून दुसऱ्यांची जहाजे फोडणाऱ्या शिकाऱ्यांवर अन्याय करणारा आहे, असे आमच्यातील काही जुन्या खेळाडूंचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे एकदा सविस्तर लिहायचे होते.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. यात जहाज फुटले की ते कायमचे जाते, म्हणून इथली भीती खरी असते. क्लोक लावलेले जहाज कुठल्याही वस्तूच्या २,००० मीटरच्या आत आले नाही, तर ते कुणालाही दिसत नाही आणि जहाजे शोधणाऱ्या कुठल्याही प्रोबला सापडत नाही. मात्र नलसेकमध्ये, म्हणजे पोलिसांचे संरक्षण नसलेल्या भागात, लोकलच्या, म्हणजे त्या सिस्टिममध्ये (एका ताऱ्याभोवतीच्या परिसरात) हजर असलेल्या सर्वांच्या, यादीत त्याच्या चालकाचे नाव झळकत राहते. म्हणजे कुणीतरी आले आहे हे कळते, पण ते कुठे आहे आणि खुर्चीत बसलेले आहे की नाही, हे कळत नाही.

सर्व्हर रोज आपल्याकडच्या दुपारी ४.३० वाजता थोडा वेळ बंद होतो. बदलापूर्वीच्या काळात आमच्या सिस्टिममध्ये एक परके नाव सर्व्हर सुरू झाल्यावर लगेच दिसू लागे आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदपर्यंत तिथेच असे. मी रात्री ८ वाजता कामावरून येऊन लॉगिन करायचो, ते नाव बघायचो आणि जहाज स्टेशनातच ठेवायचो. असे सलग ९ दिवस गेले. दहाव्या रात्री, तो झोपलाच असेल असे धरून मी हल्क हे खाणकामाचे जहाज घेऊन बेल्टवर, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यात, गेलो. पहिल्या दगडावर लेझर लावले आणि शेजारीच त्याचा स्टेल्थ बॉम्बर, म्हणजे क्लोक लावून फिरणारे हल्ल्याचे जहाज, उघडा झाला. माझा हात वॉर्पकडे, म्हणजे दूर झेप घेण्याच्या बटणाकडे, जाईपर्यंत ती झेप रोखणारा स्क्रॅम बसला होता आणि साथीदारांची जहाजे तिथे आणणारा कोव्हर्ट सायनो पेटला होता.

त्या दहाव्या रात्रीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, कारण तेव्हा तो जागा होता, त्याने वाट पाहिली, अंतर साधले आणि शिकार कमावली. माझा आक्षेप आधीच्या ९ दिवसांवर आहे, ज्यांत त्याने काहीही न करता पूर्ण सिस्टिम घरात बसवली होती.

ऑब्झर्व्हेटरीने नेमके इथे बोट ठेवले. ती ठरावीक काळाने तरंग सोडते आणि बेसावध क्लोक उघडा पडण्याची शक्यता निर्माण होते. उलट जो चालक जागा असून क्लोक वेळोवेळी नव्याने लावतो, त्याला काही काळ संरक्षण मिळते. शिवाय ती फोडता येते, त्यामुळे शिकाऱ्याच्या हातीही काहीतरी उरते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मनापासून मान्य आहे. लोकल सर्वांना फुकट आणि अचूक खबर देते, आणि त्या खबरीवर मात करण्याचा एकच उपाय शिकाऱ्याकडे होता : इतके दिवस तिथे राहायचे की लोकांना त्या नावाची सवय व्हावी. तोही काढून घेतला तर रहिवाशांचे पारडे जड होणारच. पण म्हणून लोकलच बंद करणे हा उपाय नव्हे. जुलै २०१९ मध्ये नलसेकमध्ये तो प्रयोग झाला, खेळणाऱ्यांची संख्या घटली आणि सप्टेंबरमध्ये लोकल परत आली. वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाशातल्या बोगद्यांतून गाठायच्या वेगळ्या भागात, लोकलशिवाय २००९ पासून उत्तम चालले आहे, हे खरे; पण तिथे जाणारा माणूस तेवढ्याच तयारीने जातो, आणि तिथे सायनो पेटत नाही, ही बाब या वादात फार सहज विसरली जाते.

मला वाटते, पुढचे पाऊल असे असावे : क्लोकमध्ये असेपर्यंत चालकाचे नाव लोकलमध्ये दिसू नये, आणि ऑब्झर्व्हेटरी आहे तशीच राहावी. कॉर्पमधला माझा मित्र म्हणतो की असे झाले तर तो पुन्हा कधी खाणकामाला बाहेर पडणार नाही. मी त्याला सांगितले आहे की तू लेझर लाव, आसपासची जहाजे दाखवणारा डी-स्कॅन मी बघतो.