हळदीच्या फोटोंचे एमबी कमी का? ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही आमच्या फोटोच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंय की अनगोळला घरी झालेल्या हळदीचे फोटो 5-6 एमबीचे आणि खानापूरच्या कार्यालयातल्या लग्नाचे 11-12 एमबीचे आहेत, म्हणजे हळदीचे फोटो आम्ही बारीक करून दिले. शिवाय विचारायला आलात तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कॅमेऱ्यालाच विचारा." आधी या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. ते चुकलंच. लग्नघरच्या माणसाशी असं बोलायचं नसतं. मी तुमची मनापासून माफी मागतो.

फोटोंचं म्हणाल तर काल रात्री बसून दोन्ही दिवसांच्या सगळ्या फाइल परत उघडल्या. हळदीला माझा भाचा होता, त्याचा कॅमेरा 20 मेगापिक्सेलचा. लग्नात मी होतो, माझा 24 चा. पेन ड्राइव्हमधल्या फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा. हळदीच्या फोटोंना 5472 × 3648 दिसेल, लग्नाच्या फोटोंना 6000 × 4000. हे फोटोतले आडवे आणि उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल. आम्ही फोटो बारीक केले असते तर हे आकडेच खाली आले असते.

पण एवढ्यानं एमबी निम्मे होत नाहीत, हेही खरं. 24 मेगापिक्सेलचा फोटो काही न दाबता ठेवला तर 72 एमबी होतो. म्हणून कॅमेरा तो दाबून, म्हणजे कमी जागेत बसवून, जेपीजी नावाची फाइल करतो. तसं करताना तो फोटोचे 8 × 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि चौकोनात जे सपाट, एकसारखं असेल ते थोडक्यात लिहितो. वाण्याच्या वहीत तीच ओळ पुन्हा आली की 'वरीलप्रमाणे' लिहितात, तसंच. किती दाबायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून दोन कॅमेऱ्यांत फाइन हे चांगल्या प्रतीचं सेटिंग लावलं तरी एमबी सारखे येत नाहीत.

तुमच्याच लग्नातले दोन फोटो शेजारी ठेवून बघा. एकात अंतरपाट धरलाय, अर्धी चौकट पांढऱ्या कापडानं भरलीय. तो 6 एमबी. लगेच पुढचा अक्षता पडतानाचा. हवेत तांदूळ, मागं दाटीनं उभे पाहुणे, आईंच्या इरकलीच्या पदराची वीण. तो 13 एमबी. कॅमेरा तोच, सेटिंग तेच, मध्ये दोन-तीन मिनिटं गेली असतील. हळदीला मागं साधा पिवळा पडदा होता, म्हणून तिथं फाइल लहान.

आणि सगळ्यांत मोठ्या फाइल कुठल्या, तर रात्रीच्या वरातीच्या. उजेड नव्हता म्हणून आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग, 6400 पर्यंत न्यावा लागला. त्यानं फोटोत दाणे आले आणि कॅमेऱ्यानं ते दाणेही तपशील समजून लिहून ठेवले. एमबी जास्त, पण फोटो हळदीपेक्षा डावेच. त्यामुळं फक्त एमबी बघून फोटो चांगला की वाईट ते ठरवू नका, ताई.

तरीही एक चूक आमची सापडली. हळदीचे सुरुवातीचे 41 फोटो भाच्याकडून फाइनऐवजी नॉर्मलवर निघालेत. फाइनमध्ये फोटो कमी दाबला जातो, नॉर्मलमध्ये जास्त. पिक्सेल तेवढेच आहेत, 12 × 18 इंचांच्या प्रिंटला इंचाला 304 ठिपके मिळतात, अल्बमला काही कमी पडणार नाही. पण आपलं ठरलं होतं ते फाइनचं. तुम्हाला घाई होती म्हणून कॅमेऱ्यातले जेपीजी न तपासता तसेच दिले, तिथं मी चुकलो.

त्या 41 फोटोंच्या रॉ फाइल, म्हणजे जेपीजी करण्याआधीच्या कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल, आमच्याकडं आहेत. त्यावरून चांगल्या प्रतीचे जेपीजी काढून ठेवलेत, त्याचे पैसे नाहीत. शहापूरला दुकानात येणं जमत नसेल तर रविवारी सकाळी मी स्वतः अनगोळला पेन ड्राइव्ह आणून देतो, आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो उघडून दाखवतो.